जर्मन शिकलेल्या मुलांचं कौतुक कशाचं करायचं?

दहावीचा निकाल लागला की मनमाडमध्ये चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकतात. फोटो, नाव, टक्के. त्यातल्या एखाद्या मुलीने जर्मन शिकून काय कमावलं, हे त्या टक्क्यांत दिसत नाही. शिवाय या भाषेबद्दल काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : जर्मन स्कोअरिंग विषय आहे, मार्क पडले की झालं.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला जर्मन घेता येतं आणि त्याचे मार्क महत्त्वाचे आहेतच. पण भाषा कितपत आली याचं जगभर चालणारं माप वेगळं आहे : ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या. ग्योथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, शाळकरी मुलांसाठी ‘फिट इन डॉइच’ नावाची परीक्षा घेतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, सगळं तपासलं जातं. ए१च्या तोंडी परीक्षेत मुलं गटाने परीक्षकांसमोर बसतात. आधी स्वतःची ओळख करून द्यायची. मग कार्डावरच्या शब्दावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. पाठ केलेला निबंध इथे कामाला येत नाही. घरात, गल्लीत कुणीही जर्मन बोलत नसताना मनमाडचं मूल हे करून दाखवतं, तेव्हा ते कौतुक नव्वद टक्क्यांच्या तोडीचं आहे, असं मी मानतो.

गैरसमज : बक्षीस पहिल्या तिघांनाच.

स्पर्धाही आहेत. आंतरराष्ट्रीय जर्मन ऑलिंपियाड दर दोन वर्षांनी भरतं; २०२४ साली ते जर्मनीतल्या ग्योटिंगेनला झालं. पण प्रमाणपत्राला नंबर नसतो. बी१च्या चारही भागांत प्रत्येकी शंभरपैकी साठ गुण लागतात; एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. अख्खा वर्ग पास झाला तर अख्ख्या वर्गाचा सत्कार व्हावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०११ साली पायंडा पाडला : इंग्रजीबरोबर दुसरी भाषा उत्तम येत असेल, तर हायस्कूलच्या पदविकेवर तशी खास मुद्रा उमटते. आपल्या शाळांना स्नेहसंमेलनात नावापुढे ‘ए२ उत्तीर्ण’ एवढं वाचून दाखवायला काय हरकत आहे?

गैरसमज : हे पुण्या-मुंबईच्या मुलांचं काम.

परीक्षेला बसण्यासाठी मॅक्स म्युलर भवनातच क्लास लावावा लागत नाही. बाहेरून तयारी केलेल्यांनाही ती खुली आहे. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा ए१ ते बी१चा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहे, नमुना प्रश्नपत्रिकाही मिळतात. मुंबईला इथून थेट गाड्या आहेत, पुण्याला दौंडमार्गे. खरी अडचण पैशाची आहे. परीक्षेची फी, दोघांचं भाडं, पालकाचा बुडालेला रोज. गावातली मंडळं आणि दानशूर व्यापारी गुणवंतांना ट्रॉफ्या देतात. त्याऐवजी त्यांनी दोन-चार मुलांची ही फी भरली तर जास्त उपयोग होईल. कौतुक निकालानंतरच करायचं, असा काही नियम नाही.

गैरसमज : प्रमाणपत्र म्हणजे जर्मनीचं तिकीट.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि हा समज वाढला. ए१ ही पहिली पायरी आहे. परिचारिका म्हणून तिथे मान्यता मिळवायला साधारण बी२ लागतं, जर्मन माध्यमातल्या पदवीसाठी बहुतेक ठिकाणी सी१. आणखी एक गोष्ट पालकांनी आधीच धरून चालावी : ग्योथेच्या प्रमाणपत्राला मुदत नसली, तरी बऱ्याच संस्था दोन वर्षांच्या आतलंच मागतात. दहावीत बी१ काढलेल्या मुलीला बारावीनंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागू शकते.