विश्लेषण : स्नायू फडफडतात म्हणजे गंभीर आजारच का?

डोळा लवला की घरातली ज्येष्ठ मंडळी शुभ-अशुभाचा हिशेब मांडतात. नवी पिढी मोबाइल उघडते. ‘पोटरीतला स्नायू सारखा उडतो’ असे शोधले की काही सेकंदांत ‘एएलएस’ हे नाव समोर येते. स्टीफन हॉकिंग यांना जडलेला हाच तो आजार. तिथून अनेकांची झोप उडते. या भीतीत तथ्य किती?

स्नायू का फडफडतात?

हालचालीचा संदेश स्नायूंपर्यंत मज्जातंतू पोहोचवतात. एक मज्जातंतू स्नायूतील तंतूंच्या एका गटाला हलवतो. कधी कधी मेंदूचा आदेश नसतानाही तो संदेश सोडतो आणि तेवढाच गट क्षणभर आकसतो. त्वचेखाली काही तरी वळवळल्यासारखे दिसते. वैद्यकीय भाषेत याला ‘फॅसिक्युलेशन’ म्हणतात. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना कधी ना कधी हा अनुभव येतो.

अपुरी झोप, चहा-कॉफीचा अतिरेक, दमवणारा व्यायाम आणि मानसिक ताण ही नेहमीची कारणे. दम्यावरील साल्ब्युटामॉलसारखी औषधे, थायरॉइडचा विकार किंवा मॅग्नेशियमची कमतरता यांमुळेही असे होऊ शकते.

एएलएसशी संबंध काय?

एएलएसमध्ये हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरतात. त्यामुळे स्नायू फडफडतात हे खरे. पण मुख्य लक्षण असते ताकद जाणे. शर्टाचे बटण लावता येत नाही, किल्ली फिरत नाही, चालताना पाऊल घासते, बोलणे जड होते, घास गिळताना ठसका लागतो. स्नायू बारीक होत जातो.

‘थकल्यासारखे वाटणे’ आणि ‘काम न जमणे’ यांत फरक आहे. हात जड वाटतो, पण पाण्याने भरलेली बादली नेहमीसारखी उचलता येते, तर ती खरी अशक्तता नव्हे. शिवाय हा आजार दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे साधारण २ नवे रुग्ण आढळतात.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू फडफडण्याचा त्रास असलेल्या, पण अन्य दोष न आढळलेल्या १२१ जणांची माहिती २ ते ३२ वर्षांनंतर घेण्यात आली. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन गटातील आजार झाला नव्हता.

भीतीमुळे फडफड वाढते का?

हो. चिंतेत शरीरात ॲड्रेनलिन वाढते, झोप कमी होते आणि स्नायू अधिक फडफडतात. लक्षही तिकडेच लागते. एरवी न जाणवणारी हालचाल मोठी वाटू लागते. मग टाचा उचलून पाहणे, दोन्ही तळहातांची तुलना करणे, पुन्हा मोबाइलवर शोधणे सुरू होते. मिळालेला दिलासा तासभर टिकतो. या चक्रातून डॉक्टरही सुटत नाहीत. याच भीतीने ग्रासलेल्या वैद्यकीय व्यावसायिकांविषयी ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

डॉक्टरकडे कधी जावे?

एखादे काम जमेनासे झाले, स्नायू बारीक झालेला दिसला, बोलण्यात किंवा गिळण्यात बदल झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच दाखवावे. फडफड अनेक आठवडे थांबत नसेल तरीही एकदा तपासून घ्यावे. डॉक्टर स्नायूंची ताकद व प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात. गरज वाटल्यास रक्ततपासणी आणि ‘ईएमजी’ ही स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजणारी चाचणी करतात.

तपासणी ठीक आली, तरी मन मानत नसेल तर?

अशा वेळी तीच चाचणी पुन्हा पुन्हा करून उपयोग नसतो. उपचाराची गरज चिंतेला असते. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या समुपदेशन पद्धतीचा आरोग्यविषयक चिंतेत चांगला उपयोग होतो. काहींना औषधांची जोड लागते. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. झोप पुरेशी घेणे, कॉफी कमी करणे आणि लक्षणे मोबाइलवर शोधणे थांबवणे, एवढे तर आजपासूनच करता येईल. फडफड लगेच थांबेलच असे नाही. पण तिची धास्ती कमी होऊ शकते.