माणूस एक की अनेक? : वॉलेस आणि लंडनच्या दोन सोसायट्या

१ मार्च १८६४ रोजी लंडनच्या अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटीत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एक निबंध वाचला. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनप्रमाणेच स्वतंत्रपणे शोधणारे हेच ते वॉलेस. मलाय द्वीपसमूहात आठ वर्षे राहून ते १८६२ मध्ये परतले होते. तिथे त्यांनी पक्षी आणि कीटक गोळा केले, तशी निरनिराळ्या समाजांतली माणसेही जवळून पाहिली.

त्या वेळी लंडनमध्ये मानवाचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था होत्या. एथ्नॉलॉजिकल सोसायटी १८४३ मध्ये स्थापन झाली होती. तिची मुळे वसाहतींतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींत होती आणि सर्व मानव एकाच मुळापासून आले, असे तिथे सर्वसाधारणपणे मानले जाई. तिच्यातून फुटून जेम्स हंट यांनी १८६३ मध्ये अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी काढली. आफ्रिकी माणूस ही वेगळी आणि हलकी प्रजाती आहे, असे हंट उघडपणे मांडत. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरीवरून यादवी युद्ध चालू होते. त्यामुळे 'माणूस एक की अनेक?' हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता.

वॉलेस यांनी या प्रश्नात काळाचा विचार आणला. थंडी वाढली तर प्राण्याच्या अंगावर दाट केस यावे लागतात, नाहीतर तो मरतो. माणूस मात्र कपडे शिवतो, निवारा बांधतो. शिकारीसाठी त्याला लांब नखे लागत नाहीत. तो भाला करतो. आजाऱ्याला इतर जण अन्न देतात, म्हणून दुबळाही जगतो. म्हणजे बुद्धी व सहकार्य वाढल्यावर निवडीचा रोख शरीराकडून मनाकडे वळला. वंशांमधले शारीरिक फरक त्याआधीच, फार प्राचीन काळी पडले असावेत. पुरेसे मागे गेलो तर मूळ एकच सापडते. मन विकसित झाल्यानंतरच 'माणूस' म्हणायचे ठरवले, तर मुळे अनेक दिसतात. उत्तर व्याख्येवर अवलंबून होते!

हंट यांना ही मांडणी पटली नाही. १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले. हक्सली यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १८७१ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. आजची रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ती हीच.

मात्र वॉलेस यांचा निबंधही निर्दोष नव्हता. प्रगत वंश मागासांना हटवतील, हे युरोपात रूढ असलेले मत त्यातही होते. आज जनुकशास्त्र सांगते की सर्व मानव एकाच प्रजातीचे असून आपले मूळ आफ्रिकेत आहे. एकाच समूहातल्या माणसांमधली जनुकीय विविधता दोन समूहांमधल्या सरासरी फरकापेक्षा पुष्कळ जास्त असते.

उत्क्रांतीचा धडा शिकवताना ही हकीकत जरूर सांगावी. मग मुलांना विचारावे: हंट आणि वॉलेस एकाच सभागृहात बसत, मग पुराव्याने कोण बोलत होता आणि पूर्वग्रहाने कोण? वॉलेस यांच्या बाबतीत याचे उत्तर 'दोन्ही' असे येईल. ते मुलांना स्वतःच शोधू द्यावे.