औषध स्वस्त, पेन महाग

शेंगदाणे किंवा मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांचा घसा काही मिनिटांत सुजू शकतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. अशा वेळी मांडीत तातडीने टोचलेले ॲड्रिनॅलिन प्राण वाचवते. हे औषध जुने व स्वस्त. मात्र अमेरिकेत रुग्ण ते स्वतः टोचून घेण्याच्या पेनमध्ये घेतात, आणि महाग आहे ते पेन. 'एपिपेन'ची जोडी २००७ मध्ये सुमारे १०० डॉलरना मिळे. २०१६ मध्ये किंमत ६०० डॉलरवर गेली. पालकांनी ओरड केल्यावर कंपनीने ३०० डॉलरची जेनेरिक जोडी काढली. २०१८ मध्ये तेवा कंपनीच्या जेनेरिक पेनलाही मान्यता मिळाली.

तेथे मुले-नातवंडे असलेल्यांनी त्यांना कळवावे : डॉक्टरांकडून जेनेरिक पेन लिहून घ्या, दोन-तीन दुकानांत भाव विचारा, कंपनीच्या सवलत योजनेची चौकशी करा. खर्चाच्या भीतीने पेन टोचण्यास उशीर मात्र करू नका. टोचल्यावरही रुग्णालयात जाणे आवश्यकच. त्रास पुन्हा उलटू शकतो.

आपल्याकडे हेच औषध काचेच्या अँप्युलमध्ये अगदी अल्प दरात मिळते; पण ते टोचायला जाणकार हात हवा. म्हणून दंशानंतर किंवा खाल्ल्यावर जीभ सुजली, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता जवळचा दवाखाना गाठावा.