उतारवयात कुत्रे आणताना

मुले पुण्या-मुंबईस गेल्यावर सोबतीला कुत्रे आणावे काय, असे जळकोटातील ज्येष्ठ मंडळी मला विचारतात. अवश्य आणावे, मात्र पिल्लू नव्हे. आश्रयगृहातील चार-पाच वर्षांचे, शांत स्वभावाचे गावठी कुत्रे पाहावे. आपण आजारी पडल्यास त्यास कोण सांभाळील, हे आधी ठरवावे.

पहिले काही दिवस कोपऱ्यात गोणपाट, पाणी आणि ठरल्या वेळी अन्न द्यावे. कुरवाळण्याची घाई नको, ते आपणहून जवळ येईल. चाव्यापेक्षा मला धास्ती वाटते ती तुमच्या पडण्याची. साखळी मनगटास गुंडाळू नका. रात्री दिवा लावूनच उठा, ते नेमके पायाशी निजलेले असते.

कुत्र्यास रेबीजची लस वेळेवर टोचावी. तरीही दात लागलाच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावू नये.