पोलादाच्या वाटेवर गडचिरोली : शेजारच्या चंद्रपूरचा धडा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या वाटणीत कोळसा, वीज, कागद आणि सिमेंट चंद्रपूरकडे राहिले. जंगल, बांबू, तेंदूपाने आणि भूगर्भातील लोहखनिज गडचिरोलीच्या वाट्याला आले. पुढील तीन दशकांहून अधिक काळ एक जिल्हा राज्याला वीज पुरवत राहिला, तर दुसऱ्याची ओळख मागासलेपण आणि माओवादी हिंसाचार यांच्यापुरती मर्यादित राहिली. हे चित्र आता पालटू लागले आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाच्या बळावर गडचिरोलीला देशाचे पोलाद केंद्र बनविण्याची भाषा राज्य सरकार करीत आहे.

गुंतवणुकीचे, उत्पादनाचे आणि निर्यातीचे आकडे येत्या काळात वाढतच जातील. मात्र आकडे वाढणे आणि जिल्ह्यातील माणसाचे जगणे बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्रात पहिलीला वाढ म्हणतात, तर दुसरीला संरचनात्मक बदल. हा फरक समजून घेण्यासाठी गडचिरोलीला फार दूर पाहण्याची गरज नाही. वैनगंगेच्या पलीकडचा चंद्रपूर जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

संरचनात्मक बदल म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशातील मनुष्यबळ कमी उत्पन्नाच्या कामातून अधिक उत्पन्नाच्या कामाकडे, म्हणजे प्रामुख्याने शेतीतून कारखानदारी आणि सेवा व्यवसायांकडे, कायमचे सरकणे यास संरचनात्मक बदल म्हणतात. दक्षिण कोरियात १९६३ मध्ये शंभर कामकऱ्यांपैकी साठाहून अधिक शेती व मासेमारीवर जगत होते. आज हे प्रमाण पाचच्या आसपास आहे. चीनमध्ये १९७८ साली आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा शंभरातील सत्तर जण शेतीत होते, आता पंचविसांहून कमी आहेत. व्हिएतनामने १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदलले आणि हाच प्रवास अधिक वेगाने केला. भारतात मात्र २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार अजूनही शंभरातील ४६ जण शेतीवर अवलंबून आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा सुमारे अठरा टक्केच आहे. थोडक्यात, उत्पन्न शेतीबाहेर गेले, माणसे मात्र शेतीतच राहिली.

पूर्व आशियातील या देशांच्या प्रगतीत शेजारधर्माचा मोठा वाटा होता. जपानमध्ये मजुरी वाढली तेव्हा कापड, खेळणी, विजेची उपकरणे असे अधिक हात लागणारे उद्योग कोरिया आणि तैवानकडे सरकले. तेथील मजुरी वाढल्यावर तेच उद्योग चीन आणि व्हिएतनामकडे गेले. जपानी अर्थतज्ज्ञ कानामे अकामात्सु यांनी १९३० च्या दशकातच या क्रमाला उडत्या हंसांच्या रांगेची उपमा दिली होती. पुढच्या हंसाने मागच्याला कारखाना दिला, यंत्र दिले आणि कौशल्यही दिले. कोरिया व तैवान यांनी १९५० च्या आगेमागे जमीन सुधारणा करून कुळांना जमिनीचे मालक बनविले होते आणि शालेय शिक्षण सार्वत्रिक केले होते. त्यामुळे कारखाना दारात आला तेव्हा कामगार तयार होता.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शेजारात नेमके हेच घडले नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला अनेक वर्षे या जंगलांतून बांबू गेला. पुढे सुरजागडचे लोहखनिज घुग्घुसच्या स्पंज आयर्न कारखान्यात पोहोचले. मागच्या हंसाकडून कच्चा माल घेतला गेला. कारखाना आणि कौशल्य त्याच्याकडे गेले नाही. धानाचा एकच हंगाम संपला की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ग्रामीण भागातील मजूर कुटुंबे आजही तेलंगणात मिरची तोडण्यासाठी जातात, हे या अपुऱ्या बदलाचे सर्वांत ठळक लक्षण होय.

चंद्रपूरने काय मिळविले, काय गमावले?

चंद्रपूरचा औद्योगिक इतिहास दीडशे वर्षांचा आहे. वरोरा येथे १८७१ मध्ये कोळसा खाण सुरू झाली आणि १९०६ मध्ये ती बंदही पडली. पुढे बल्लारपूरच्या खाणी आल्या, राजुरा-कोरपना भागातील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि १९८० च्या दशकात महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्याची स्थापित क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. शहरीकरण हे बदलाचे एक माप मानले, तर २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्यातील ३५ टक्के लोकसंख्या शहरी होती, तर गडचिरोलीत हे प्रमाण अवघे ११ टक्के होते. खाणीतील पक्क्या नोकरीने हजारो कुटुंबांची एक पिढी स्थिर केली, मुले शिकली, हे नाकारता येणार नाही.

परंतु ही शिडी पुढे अरुंद होत गेली. भूमिगत खाणींची जागा खुल्या खाणींनी घेतली आणि फावड्याची जागा अजस्र यंत्रांनी. वेस्टर्न कोलफिल्ड्सची पालक कंपनी असलेल्या कोल इंडियाचे उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे २९ कोटी टन होते, ते २०२३-२४ मध्ये सुमारे ७७ कोटी टनांवर गेले. याच काळात कर्मचाऱ्यांची संख्या मात्र पाच लाखांहून घटून सव्वादोन लाखांच्या आसपास आली. उत्पादन अडीच पटींहून अधिक झाले आणि कायम नोकऱ्या निम्म्याहून कमी झाल्या. उरलेले बरेचसे काम कंत्राटदारांकडे गेले.

या प्रगतीची किंमत हवा आणि पाण्याने मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चौथ्या क्रमांकावर होते. त्यानंतर २०१० मध्ये काही काळ येथे नव्या प्रकल्पांना परवानगी देणेच थांबविण्यात आले. एका खनिजावर उभी राहिलेली वाढ पुढच्या वाढीची वाट कशी अडविते, याचे हे उदाहरण होय.

बैलाडिलाचा इशारा

दुसरा धडा गडचिरोलीच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडमधील दंतेवाडा जिल्ह्यात आहे. तेथील बैलाडिला डोंगरातील उच्च प्रतीचे लोहखनिज प्रामुख्याने जपानी पोलाद कारखान्यांसाठी काढण्यास सुरुवात झाली आणि १९६८ मध्ये निर्यात सुरू झाली. खनिज विशाखापट्टणम बंदरात पोहोचविण्यासाठी पूर्व घाट फोडून खास रेल्वेमार्ग टाकण्यात आला. पुढे एका खासगी कंपनीने पाण्यात कालविलेले खनिजाचे चूर्ण वाहून नेणारी २६७ किलोमीटर लांबीची नळवाहिनीही बैलाडिलापासून विशाखापट्टणमपर्यंत नेली.

ज्या १९६८ मध्ये बैलाडिलाचे खनिज जहाजात चढू लागले, त्याच वर्षी दक्षिण कोरियात पोहांग पोलाद कंपनी स्थापन झाली. कोरियाकडे सांगण्याजोगे लोहखनिज नव्हते. ते आयात करून त्याने १९७३ मध्ये पोहांगचा एकात्मिक कारखाना सुरू केला आणि त्या पोलादावर जहाजबांधणी व मोटार उद्योग उभारला. ज्या बस्तरकडे खनिज होते, तेथे नगरनारचा पोलाद कारखाना राष्ट्राला अर्पण होण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडले. मधली ५५ वर्षे बस्तरचा डोंगर जात राहिला आणि त्याच्या मूल्यातील मोठा भाग इतरत्र निर्माण झाला. श्रीमंती खनिजात नसते, ते हाताळण्याच्या ज्ञानात असते, हे यातून स्पष्ट होते.

सुरजागड ते कोनसरी

सुरजागडचा ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली आणि काम ठप्प झाले. २०२१ पासून ते नियमित झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि उद्योगांच्या मार्गातील एक मोठा अडसर दूर झाला.

खनिज जिल्ह्याबाहेर न नेता येथेच प्रक्रिया करा, ही स्थानिकांची जुनी मागणी होती. त्यानुसार चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे २०१७ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. जुलै २०२५ मध्ये तेथे वर्षाला ४० लाख टन क्षमतेच्या, लोहगोळ्या तयार करणाऱ्या प्रकल्पाचे आणि हेडरी ते कोनसरी या ८५ किलोमीटरच्या नळवाहिनीचे उद्घाटन झाले. ४५ लाख टन क्षमतेचा एकात्मिक पोलाद कारखानाही प्रस्तावित आहे. बैलाडिलाची नळवाहिनी समुद्राकडे गेली, ही जिल्ह्यातच थांबते, हा फरक महत्त्वाचा आहे.

या नळवाहिनीमुळे रस्ते उखडणारे आणि अपघातांना कारण ठरणारे अवजड ट्रक कमी होतील, हा दिलासाच. मात्र ट्रकचालक, क्लीनर, पंक्चर दुकानदार आणि ढाबेवाले यांचा रोजगारही त्याबरोबर आटेल. आधुनिक पोलाद उद्योग मुळातच थोड्या हातांचा आणि मोठ्या भांडवलाचा असतो. म्हणून खरा प्रश्न कारखान्याच्या फाटकाच्या आत नसून बाहेर आहे. यंत्रदुरुस्ती, सुटे भाग, लोखंडी साहित्याची निर्मिती, वाहतूक अशा लहान उद्योगांचे जाळे गडचिरोलीच्या तरुणांच्या मालकीने उभे राहते, की ती कामे नागपूर-रायपूरच्या ठेकेदारांकडे जातात, यावर पुढचे चित्र अवलंबून राहील.

खनिजाचा पैसा कोठे जातो?

लोहखनिजावर सरकारी सरासरी किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन आकारले जाते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद केली. जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानला द्यावी लागते. सोप्या भाषेत, हजार रुपयांच्या खनिजामागे दीडशे रुपये स्वामित्वधन आणि त्याशिवाय ४५ रुपये जिल्ह्यासाठी. हा निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्य यांवर प्राधान्याने खर्च होणे अपेक्षित आहे. खनिज एकदाच निघते. त्यामुळे या ४५ रुपयांतून स्वागतकमानी उभ्या राहतात की एटापल्ली-भामरागडच्या मुलीला तंत्रशिक्षण मिळते, हा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही.

जंगल हीदेखील अर्थव्यवस्थाच

गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. प्रगतीच्या चर्चेत हे जंगल बहुधा अडथळा म्हणून येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने मात्र वेगळा मार्ग दाखविला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज असल्याने तो विकण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, हा आग्रह गावाने सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेकडे सुपूर्द केले. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत आणि अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात.

म्हणूनच खाणविस्ताराचा प्रश्न नाजूक बनतो. मे २०२५ मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने लोहखनिज शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळविण्यास तत्त्वतः अनुकूलता दर्शविली. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडावी लागणार आहेत. सुरजागडचा डोंगर माडिया समाजाच्या ठाकूरदेवाचे स्थान असून तेथे दर जानेवारीत यात्रा भरते. परिसरातील ग्रामसभांचा खाणीला असलेला विरोध केवळ हिंसाचाराच्या चष्म्यातून पाहणे आता योग्य ठरणार नाही. बंदूक बाजूला झाल्यावर उरणारा प्रश्न लोकशाहीतील संमतीचा आहे, आणि पेसा व वनहक्क कायद्यांनी ती संमती ग्रामसभेच्या हाती दिली आहे.

शेतीचेही तसेच आहे. तैवान आणि कोरियात कारखान्यांपूर्वी शेती सुधारली. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेले एचएमटी हे धानाचे वाण देशभर पोहोचले. हे कौशल्य येथलेच आहे. त्याला सिंचन, साठवण आणि प्रक्रियेची जोड मिळाली, तर एका हंगामावर जगणाऱ्या कुटुंबाला मिरचीच्या शेतात जावे लागणार नाही.

मोजायचे काय?

गडचिरोलीचे एकूण उत्पन्न येत्या दशकात झपाट्याने वाढेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. लोखंडाचा एक डोंगर विकला तरी ते वाढते. मोजायचे ते वेगळेच आहे. कोनसरीतील कुशल आणि पर्यवेक्षकीय जागांवर स्थानिक किती? वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग खनिजाबरोबर प्रवासी आणि धानही वाहील काय? दरवर्षी तेलंगणात जाणाऱ्या मजुरांची संख्या घटते काय? ग्रामसभांचे उत्पन्न टिकते काय? वरोऱ्याची खाण ३५ वर्षांत बंद पडली. सुरजागडचे खनिजही कधीतरी संपणार आहे. तोपर्यंत दगडाशिवाय उपजीविका करू शकणारी पिढी तयार झाली, तरच गडचिरोलीची वाढ बदलात रूपांतरित झाली असे म्हणता येईल. चंद्रपूरला ही संधी दीडशे वर्षांत अर्धीच साधता आली. गडचिरोलीपुढे निदान शेजाऱ्याचा अनुभव तरी आहे.