काँडोर मोहीम

काँडोर मोहीम : दक्षिण अमेरिकेतील लष्करी राजवटींनी, परदेशी आश्रय घेतलेल्या आपल्या राजकीय विरोधकांना परस्परांच्या भूमीवर पकडून नाहीसे करण्यासाठी उभारलेली गुप्त यंत्रणा. चिली, अर्जेंटिना, यूरग्वाय, पॅराग्वाय व बोलिव्हिया या देशांच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये सँटिआगो येथील बैठकीत तिला औपचारिक रूप दिले. ब्राझील पुढील वर्षी तीत सामील झाला. बैठकीचे यजमानपद चिलीच्या ‘दिना’ या गुप्त पोलीसदलाचे प्रमुख मान्वेल काँत्रेरास यांच्याकडे होते. अँडीज पर्वतातील प्रचंड गिधाडाचे नाव मोहिमेस देण्यात आले. चिलीच्या राजचिन्हावरही हा पक्षी आहे.

राजकीय आश्रय देण्याची परंपरा या खंडात जुनी असून १८८९ च्या माँटेव्हिडिओ करारात तिला मान्यताही मिळाली होती. बोलिव्हिया (१९७१), यूरग्वाय (जून १९७३) व चिली (सप्टेंबर १९७३) येथे सत्तापालट होत गेले, तसतसे तेथील कामगारपुढारी, विद्यार्थी व संसदसदस्य अर्जेंटिनात गोळा झाले. २४ मार्च १९७६ रोजी तेथेही सैन्याने सत्ता घेतली आणि आश्रयस्थानाचाच सापळा झाला. जूनमध्ये ब्वेनस एअरीझमधील एका कॅथलिक संस्थेच्या कार्यालयातून निर्वासितांच्या नोंदी चोरीस गेल्या व लगोलग काही निर्वासितांना पळवून नेऊन त्यांचा छळ करण्यात आला. ज्या यादीमुळे संरक्षण मिळावयाचे, तीच शिकाऱ्यांच्या हाती पडली.

मराठीत ‘नाहीसा होणे’ आणि ‘नाहीसा करणे’ असा भेद आहे. येथे दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. प्रेत सापडले तर तो खून ठरतो व खुनाचा तपास करावा लागतो. मे १९७६ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे यूरग्वायचे सिनेटर सेल्मार मिचेलीनी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे शव मिळाले आणि बोभाटा झाला. प्रेतच नसेल, तर मायदेश म्हणतो ‘तो आमच्याकडे नाही’ आणि आश्रयदाता देश म्हणतो ‘तो निघून गेला असावा’. निर्वासिताच्या बाबतीत ही दोन उत्तरे एकमेकांना पूरक ठरतात व नातेवाइकांना कोणत्याच न्यायालयाचे दार उघडत नाही. प्रत्यार्पणास न्यायाधीश, कागदपत्रे व बचावाची संधी लागते. काँडोरने हे सर्व टाळले.

मोहिमेचे सर्वांत कुप्रसिद्ध ठाणे म्हणजे ब्वेनस एअरीझमधील ‘ऑटोमोटोरेस ओर्लेत्ती’ ही भाड्याने घेतलेली मोटारदुरुस्तीची जागा. १९७६ च्या मे ते नोव्हेंबरदरम्यान अर्जेंटाइन व यूरग्वेयन अधिकारी तेथे एकत्र काम करीत. जुलैमध्ये तेथील काही बंद्यांना गुप्तपणे विमानाने माँटेव्हिडिओस नेण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये, ते सशस्त्र घुसखोरीसाठी आले असता यूरग्वायमध्येच पकडले गेले, असा देखावा सरकारने रचला. हे बंदी निदान जिवंत राहिले. ऑक्टोबरच्याच दुसऱ्या विमानातील बंदी मात्र बेपत्ता झाले. अर्जेंटाइन कवी ह्वान हेलमान यांच्या गर्भवती सुनेलाही ओर्लेत्तीतून माँटेव्हिडिओस नेले होते. तिला मुलगी झाली. ती मुलगी दुसऱ्या कुटुंबात वाढली व २००० साली हेलमान यांना तिचा शोध लागला. आई परतली नाही.

या राजवटींना कागदाची हौस होती, हे इतिहासाचे सुदैव. २२ डिसेंबर १९९२ रोजी आसूनस्यॉनजवळील लांबारे येथील पोलीसठाण्यात पॅराग्वायच्या गुप्त पोलिसांचे दप्तर सापडले. स्वतः तुरुंगवास व छळ भोगलेले शिक्षक मार्तीन आल्मादा यांनी न्यायाधीश होसे आगुस्तीन फेर्नांदेस यांच्यासह ते शोधून काढले. ‘दहशतीचे दप्तर’ म्हणून ते ओळखले जाते. होर्हे फ्वेंतेस या चिलियन कार्यकर्त्याला मे १९७५ मध्ये पॅराग्वायात अटक झाली होती. त्याला चिलीकडे सोपविल्यावर काँत्रेरास यांनी पाठविलेले आभारपत्रही त्यात मिळाले. फ्वेंतेस १९७६ च्या आरंभी चिलीतील गुप्त छळछावणीतून नाहीसा झाला.

सीमा ओलांडणे हे मोहिमेचे बळ होते, पुढे तेच तिला नडले. यूरग्वायने १९८६ मध्ये केलेला माफीचा कायदा अर्जेंटिनाच्या न्यायालयाला बंधनकारक नव्हता. शिवाय मनुष्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत अपहरणाचा गुन्हा चालूच असतो, हे तत्त्व चिलीतील खटल्यांत मान्य झाल्याने तेथील १९७८ च्या माफीलाही वाट राहिली नाही. यूरग्वेयन अधिकारी मान्वेल कोर्देरो याला ब्राझीलने २०१० मध्ये रीतसर अर्जेंटिनाच्या स्वाधीन केले. ब्वेनस एअरीझच्या न्यायालयाने २७ मे २०१६ रोजी त्याला २५ वर्षांची, तर अर्जेंटिनाचे शेवटचे लष्करी राष्ट्राध्यक्ष रेनाल्दो बिन्योने यांना २० वर्षांची शिक्षा सुनावली. बळींमध्ये इटालियन वंशाचे नागरिक असल्याने रोममध्येही खटला चालला व जुलै २०१९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने २४ जणांना जन्मठेप दिली. त्यांतील बहुतेक सुनावणीस हजर नव्हते.