घराची ऊब कोणी ठरवायची?

महाराष्ट्रातील घरांत थर्मोस्टॅट हा शब्द बहुधा गीझर बिघडला म्हणजेच ऐकू येतो. पाणी मुळीच तापत नाही किंवा एकदम कढत येते. कारागीर येऊन एक लहानसा भाग बदलतो आणि तो शब्द पुन्हा विस्मरणात जातो. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र हिवाळ्यात हा शब्द घरोघरी तोंडी असतो. तेथे एक फर्नेस साऱ्या घराला ऊब देते आणि ती केव्हा सुरू व्हावी, केव्हा थांबावी हे भिंतीवरील थर्मोस्टॅट ठरवितो. मुलांकडे काही महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांना या छोट्या उपकरणाशी लवकरच जुळवून घ्यावे लागते.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी बांधलेले घर विकत घेतले. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक गोल, सोनेरी कडेचा थर्मोस्टॅट होता. कडी फिरवावी, आकड्यावर आणून ठेवावी, एवढेच त्याचे काम. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरहून आईवडील आले, त्याच सुमारास मुलाने तो काढून मोबाइलवरून चालणारा नवा थर्मोस्टॅट बसविण्याचे ठरविले. बिल कमी व्हावे, एवढाच हेतू होता.

या उपकरणाला मोठा इतिहास आहे. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे अध्यापन करणारे वॉरन जॉन्सन यांनी खोलीचे तापमान दर्शविणाऱ्या विद्युत उपकरणाचे पेटंट १८८३ मध्ये मिळविले. तोपर्यंत सेवकाने वर्गावर्गांतून फिरून तापमान पाहावे आणि तळघरात जाऊन भट्टीचे दार कमीजास्त करावे, अशी रीत होती. पुढे १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस यांनी घडविलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला आणि तो लक्षावधी घरांच्या भिंतींवर जाऊन बसला.

त्याची रचना साधी, पण चतुर आहे. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडून केलेली वेटोळी त्यात असते. उष्णतेने दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे वेटोळे किंचित उलगडते किंवा आवळते. वेटोळ्यावर काचेची बारीक कुपी असते आणि तिच्यात पाऱ्याचा थेंब. खोली गार झाली की कुपी एका बाजूस कलते, पारा घरंगळून दोन तारांच्या टोकांना जोडतो आणि फर्नेस सुरू होते. वीज गेली तरी बिघडावे असे त्यात काहीच नाही. म्हणूनच असे थर्मोस्टॅट पन्नास-पन्नास वर्षे टिकले.

नवा बसविण्याचे काम फारसे अवघड नाही. मात्र काही गोष्टी पाळाव्याच लागतात. प्रथम फर्नेसचा ब्रेकर बंद करावा. जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढल्यावर तारा सोडविण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक तारेवर तिच्या स्क्रूजवळचे अक्षर लिहून चिठ्ठी डकवावी. बहुधा ‘आर’ म्हणजे वीजपुरवठा, ‘डब्ल्यू’ म्हणजे उष्णता, ‘वाय’ म्हणजे शीतकरण आणि ‘जी’ म्हणजे पंखा. तारेच्या रंगावर विश्वासू नये. मागे कोणी कोणती तार कोठे जोडली असेल ते सांगता येत नाही. या प्रकारात साधारण २४ व्होल्टचा सौम्य प्रवाह असतो. तारा जाड असतील किंवा उपकरणावर १२० अथवा २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर हात लावू नये. तेथे इलेक्ट्रिशियनच हवा.

नव्या थर्मोस्टॅटला पडदा आणि वाय-फाय यांसाठी सतत वीज लागते. ती पुरविणारी ‘सी’ तार जुन्या घरांत पुष्कळदा जोडलेली नसते. या घरात चारच तारा वापरात होत्या. पाचवी निळी तार भिंतीच्या आत दुमडून ठेवलेली सापडली. फर्नेसकडील टोकही जोडल्यावर काम झाले. दुपारपर्यंत भिंतीवर काचेचा चकचकीत पडदा उजळला.

बचतीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार दिवसातील आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ४ ते ५.५ अंश सेल्सिअसने, नेहमीपेक्षा खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. समजा, वर्षाचा खर्च १५०० डॉलर आहे, बचत ८ टक्के झाली आणि उपकरणास १८० डॉलर पडले. तर वर्षाला १२० डॉलर वाचून दीड वर्षात किंमत वसूल होते. गार झालेले घर पुन्हा तापविण्यात वाचलेले सारे खर्च होते, हा समज खरा नाही. आकडा एकदम वर नेल्याने घर लवकर तापते, हाही गैरसमजच. हीट पंप असलेल्या घरांत मात्र सावध राहावे. तापमान फार खाली आणून पुन्हा चढविताना त्यातील महागडी विजेची शेगडी सुरू होते आणि बचत उलटू शकते.

परंतु या हिशेबात एक गृहीत दडलेले असते: ते आठ तास घर रिकामे आहे किंवा सारे पांघरुणात आहेत. नव्या थर्मोस्टॅटने मुलाच्या व सुनेच्या मोबाइलवरून हे ताडण्यास प्रारंभ केला. दोघे कामावर गेले की घरात कोणी नाही असे समजून तो तापमान ६२ अंशांवर, म्हणजे सुमारे १७ अंश सेल्सिअसवर, आणू लागला. आईवडिलांचे मोबाइल त्यास जोडलेलेच नव्हते. हालचाल ओळखण्याची सोय होती, परंतु थर्मोस्टॅट खालच्या दिवाणखान्यात आणि दोघांचा दिवस वरच्या मजल्यावरील खोलीत. यंत्राच्या लेखी ते घरात नव्हतेच.

चौथ्या दिवशी सून दुपारीच परतली, तेव्हा सासूबाई दोन स्वेटर घालून पलंगावर बसल्या होत्या आणि सासऱ्यांनी कानटोपीवर शाल गुंडाळली होती.

“आप्पा, एवढं गार झालंय, फोन का नाही केला?” तिने विचारले.

“थंडी कोल्हापुरातही पडते की,” ते म्हणाले. “बिल वाचवायला बसवलंय ना ते? आमच्यामुळं उगाच कशाला वाढवायचं!”

त्यांच्या या संकोचात धोका होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा सल्ला असा, की वृद्ध राहतात ते घर किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, उबदार ठेवावे. ६० ते ६५ अंशांच्या घरातही वृद्धांच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरासाठी किमान १८ अंश सेल्सिअसची शिफारस केली आहे आणि वृद्धांसारख्यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते, असेही म्हटले आहे. वयोमानाने थंडीची जाणीव मंदावते. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे ज्येष्ठांचे उत्तर तरुणांनी अखेरचे मानू नये.

त्या रात्री जेवणानंतर चौघे एकत्र बसले. मोबाइलवरून घर रिकामे समजण्याची सोय बंद करण्यात आली. दिवसा ७०, रात्री ६८ असे आकडे ठरले. वरच्या खोलीत एक स्वतंत्र तापमापक ठेवण्यात आला. नव्या थर्मोस्टॅटांपैकी काहींना असा जोडता येतो. या हिवाळ्यात बचत जवळजवळ होणार नव्हती, हे मुलाने स्पष्ट सांगितले. आईवडील परत गेल्यावर, घर खरोखर रिकामे असताना, ती पुन्हा मिळेल. घर भरलेले असताना ते रिकामे धरून मांडलेली बचत हिशेबात चुकीच्या खात्यावर पडते.

राहता राहिला जुना थर्मोस्टॅट. तो खोक्यात कचऱ्यासाठी ठेवलेला वडिलांनी पाहिला आणि काचेतील चकाकणारा थेंब ओळखला. अशा एका उपकरणात साधारण तीन-चार ग्रॅम पारा असतो. कुपी फुटली तर त्याची वाफ श्वासात जाते. कचऱ्यातून तो पाण्यात पोहोचला तर माशांच्या आणि त्यांना खाणाऱ्या जिवांच्या शरीरात साठत जातो. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत असे थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकण्यास बंदी आहे. ते न उघडता, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर द्यावे लागतात. फर्नेसचे साहित्य विकणारे काही घाऊक व्यापारीही ते स्वीकारतात. शनिवारी पितापुत्र जाऊन ते देऊन आले.

भिंतीवर जुन्याची गोल खूण अजून आहे. तिच्याशेजारी आता एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर वडिलांच्या अक्षरांत, मराठीत, फॅरनहाइटचे आकडे आणि समोर सेल्सिअसचे. तापमान वाढविण्यासाठी कोठे बोट ठेवावे, त्याचा बाण. आणि खाली सुनेच्या हाताची एक ओळ: “गार वाटलं की वाढवायचं. विचारायचं नाही.”